बॉबिनचं खाणं

गुंदवली, अंधेरी (पूर्व)
१४ जून १९८७

तीर्थस्वरूप दादास,

सुलक्षणाचा नमस्कार. आई आणि रुक्मिणीवहिनी बऱ्या असतील. इथे मी, हे आणि मीरा असे तिघं बरे आहोत. चौथ्याचं सांगायला पत्र लिहायला बसले.

तुझा कुत्रा जेवत नाही.

गेल्या महिन्यात वाकोल्याची खोली सोडलीस, तेव्हा "दिवाळीपर्यंत सांभाळ गो, गावच्या घराभोवती दगडी गडगा बांधून झाला की घेऊन जातो" असं म्हणून साखळी माझ्या हातात दिलीस आणि गाडीत बसलास. वाघरू फिरतंय, वाडीतली दोन कुत्री नेली, हे सगळं कबूल. पण बॉबिन काय खातो असं विचारलं तर म्हणालास, "आपण खातो ते खातो." दादा, तो आपण खातो ते खातो आणि तासाभरात माझ्या पायपुसण्यावर परत आणून ठेवतो. दोन खोल्यांच्या घरात पायपुसणी किती असतात?

शेवटी त्याला चकाल्याच्या डॉक्टर अंबादास भालेरावांकडे नेला. रिक्षावाला आधी घेईना. यांनी बॉबिनला मांडीवर घेतला, तेव्हा तयार झाला. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, काय काय घालता विचारलं. मी सांगितलं, भात, बांगड्याचं तिखलं, चपाती आणि सकाळी चहा-खारी. चहा तूच लावलास ना त्याला? डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच लावला. म्हणाले, मसाला बंद, कांदा बंद, हाडं बंद, चहा तर बंदच. ह्याचं आतडं नाजूक झालंय. कुत्र्यांसाठी बनवलेलं कोरडं खाणं हल्ली मिळतं, ते नीट पारखून घ्या.

आता मी औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. बाटल्या आणि खोकी पारखते मी. कुत्र्याचं खाणं कसं पारखतात ते मला काय माहीत? स्टेशनसमोरच्या दुकानात परदेशी डबा आहे, विमानतळावरच्या कुणाच्या तरी बॅगेतून आलेला. बरणीत सुटी बिस्किटं आहेत. कोणतं आणू ते लवकर कळव. आणि गडगा जरा भरभर बांध.

तुझी,
सुलक्षणा

·

तळेवाडी, ता. कुडाळ
२४ जून १९८७

चि. सुलक्षणास,

काशीरामचे आशीर्वाद. आई बरी आहे, दिवसभर वहिनीला कामं सांगते, म्हणजे बरीच आहे.

पत्र वाचून हसू आलं आणि मग नाही आलं. बॉबिन गिरणीच्या फाटकाशी सापडला तेव्हा मुठीएवढा होता. संपाच्या आधीच्या वर्षी. तेव्हापासून माझ्या ताटातलं खाऊन वाढला. त्याचं आतडं नाजूक झालं हे मला खरं वाटत नाही. पण डॉक्टर शिकलेला आहे, त्याचं ऐकू.

परदेशी डबा बिलकूल आणू नकोस. एवढा समुद्र ओलांडून आलेला डबा आत कसा असेल कोण सांगणार? बरणीतली बिस्किटंही नकोत, दुकानदाराची पोरं त्यात हात घालतात.

तू असं कर. मरोळला औद्योगिक वसाहतीत कुत्र्याचं खाणं बनवणारा एक छोटा कारखाना आहे. आमच्या खात्यातला राजाराम तिथे आता वॉचमन आहे. त्याला माझं नाव सांग. फाटलेल्या पिशव्यांतला, आकार बिघडलेला माल ते लोक सेकंड म्हणून बाजूला काढतात, तो शनिवारी फाटकावर देतात. तोच आण.

नाक मुरडू नकोस. सेकंड म्हणजे वाईट नव्हे. एक धागा चुकला की साहेब अख्खा तागा सेकंडमध्ये टाकायचा आणि तोच कपडा आपल्या घरी यायचा. तुझ्या लग्नातली पोरांची सगळी सदरे-झबली सेकंडची होती. फाटलं का कुणाचं काही? बावीस वर्षं माग चालवलाय मी. माल हातात घेतला की कळतो. तू पण हातात घेऊन बघ. दाणा टणक असला की झालं.

मोठा भाऊ सांगतोय तसं कर, उगाच डोकं चालवू नकोस. गडग्याचा पाया झाला. दिवाळी झाली की मी आलोच.

तुझा,
दादा

·

अंधेरी
२६ जुलै १९८७

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कामावर ओव्हरटाइम होता.

तू सांगितलंस तसं राजारामभाऊंकडून आणलं. बॉबिन बरा आहे. खातो. काळजी नको.

आईच्या गुडघ्याला लावायला मलम पाठवते आहे. मीराची चाचणी परीक्षा चालू आहे. इथे पाऊस खूप आहे.

तुझी,
सुलक्षणा

·

तळेवाडी
४ ऑगस्ट १९८७

चि. सुलक्षणास,

आशीर्वाद. पत्र पोचलं, मलम पोचलं. पत्र एवढं छोटं की पोस्टमनने विचारलं, बहिणीशी भांडण झालं का?

बॉबिन खातो हे वाचून बरं वाटलं. बघ, सांगितलं होतं ना? रुक्मिणीला ते पत्र दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, एका कुत्र्याच्या जेवणावरून किती छाती फुगवाल. पण आता मला कोण काय विचारतं गो इथे? आंब्याला खत कधी घालायचं ते गडी मला शिकवतात. निदान एक गोष्ट मी सांगितली आणि ती बरोबर निघाली.

वाकोल्याच्या धोंडिरामलाही कालच कार्ड टाकलं. त्याच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली आहेत. त्याला लिहिलं की बॉबिन मरोळचा सेकंडचा माल खाऊन टुणटुणीत झालाय, तूही डोळे मिटून आण, पिल्लांनाही दुधात भिजवून घाल.

गडगा कमरेएवढा झाला आहे.

तुझा,
दादा

·

अंधेरी
९ ऑगस्ट १९८७

दादा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. ते वाचलं आणि चपला घालून तशीच वाकोल्याला गेले. धोंडिरामभाऊंना तुझं कार्ड सकाळीच मिळालं होतं. ते संध्याकाळी मरोळला जाणार होते. मी त्यांना थांबवलं. पिल्लं ठीक आहेत, पाचही. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही.

मी तुला खोटं लिहिलं. बॉबिन बरा नव्हता. मरता मरता वाचला.

जुलैच्या पहिल्या शनिवारी तो माल आणला. पिशवी फाटलेली, दोऱ्याने शिवलेली. तारीख नाही, बॅच नाही, काही नाही. आमच्याकडे असं खोकं पट्ट्यावर आलं असतं तर मी डोळे झाकून बाजूला काढलं असतं. तू सांगितलंस म्हणून हातात घेऊन बघितलं. दाणा टणक होता. वास जरा कोंदट येत होता, बंद कपाटाचा येतो तसा. मनात आलं, हे बरोबर नाही. पण दादा म्हणतो म्हणून घातलं. त्याची भूक मोठी, त्याने खाल्लं.

नवव्या दिवशी उठेना. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. भालेराव डॉक्टरांनी सलाइन लावलं, तीन दिवस. यांनी रजा काढली, मी काढली. डॉक्टरांनी पिशवी मागवली, खालचे दाणे फोडले तर आत हिरवट बुरशी. म्हणाले, पिशवी फाटली म्हणजे ओल आत गेली, आणि ह्या बुरशीचं विष वरून दिसत नाही. कपड्याचा धागा चुकला तर कपडा दिसायला वाईट होतो, अंगाला नाही. खाण्याचं तसं नसतं रे दादा. एवढं साधं मला कळायला हवं होतं. रोज तेच काम करते मी.

राजारामभाऊंचा दोष नाही, त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी कारखान्याच्या मालकालाच भेटले. त्याने तो ढीग माझ्यासमोर जाळला.

तुला लिहिलं नाही कारण तुला लागलं असतं. गिरणी गेल्यापासून तुला कुणी काही बोललं की तू दोन दिवस जेवत नाहीस, ते वहिनीने मला सांगितलंय. म्हणून गप्प बसले. आणि माझ्या गप्प बसण्यापायी पाच पिल्लांची वाट लागली असती. कालपासून मला झोप नाही.

आता बॉबिन काय खातो ते सांगते. बरा झाल्यावर मी माझ्या पद्धतीने शोधलं. स्टेशनसमोरच्या डब्याचं बूड फुगलेलं होतं, तो बाद. बरणी बाद. मग साकीनाक्याकडे एक कारखाना आहे असं कळलं, तिथे अर्धी सुट्टी टाकून गेले. मालक आत घेईना. पॅकिंगच्या टेबलावर शकु म्हणून एक बाई होती. मी तिला विचारलं, प्रत्येक घाण्यातलं थोडं बाजूला राखून ठेवता का? ती म्हणाली, या आत. कपाटात तारखा घातलेल्या बाटल्या ओळीने लावल्या होत्या, वर्षभराच्या. एखाद्या गिऱ्हाइकाने तक्रार केली तर त्या दिवसाची बाटली काढून बघतात. तिथेच माझं मन बसलं.

पिशवी पिवळी आहे, आतून जाड प्लॅस्टिक, शिवण मशीनची. तयार केल्याची तारीख, बॅच, आत काय काय आहे ते सगळं छापलेलं. डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, मासळीचं कूट पहिल्या ओळीत लिहिलंय, हे चांगलं. खाण्यात जे सगळ्यात जास्त असतं ते आधी लिहितात. मग आठवडाभर पेजेत थोडं थोडं मिसळून सवय केली. आता नुसतं खातो. केस चमकायला लागलेत.

हे म्हणाले, श्रावणात घरात मासळीचं कूट? म्हणून पिशवी गॅलरीत ठेवली आहे. बॉबिन तिला पाठ लावून झोपतो.

रागावशील तर रागव. पण उत्तर लिही.

सुलक्षणा

·

तळेवाडी
७ सप्टेंबर १९८७

चि. सुलक्षणास,

आशीर्वाद. गणपती होते म्हणून उशीर झाला, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे तीन वेळा लिहायला बसलो आणि उठलो.

पहिले चार दिवस मला तुझा राग आला. म्हटलं, ही कोण मला शिकवणार? मग राग माझाच आला. तो पिवळ्या डोळ्यांनी पडला होता आणि मी इथे रुक्मिणीसमोर छाती फुगवत होतो. रुक्मिणीला हे सांगितलं तेव्हा ती नुसती तांदूळ निवडत राहिली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तुला एक सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. संपानंतर गिरणीने पुन्हा माणसं घेतली, तेव्हा माझं नाव यादीत नव्हतं. बावीस वर्षांनंतर साहेबाने मला बाजूला काढला. तेव्हापासून सेकंडच्या मालाला कुणी नावं ठेवली की मला माझंच नाव ऐकल्यासारखं होतं. म्हणून तुला एवढ्या जोरात लिहिलं. त्यात कुत्र्याचा विचारच नव्हता. चुकलो गो मी.

धोंडिरामचं पत्र आलं. लिहितो, तुझी बहीण चिखलात चालत आली, दारातच ओरडली, घालू नका म्हणून, आणि मग चहासुद्धा न घेता पिल्लं मोजत बसली.

आता कामाचं. गडगा छातीएवढा झाला. दिवाळी होऊ दे, मी त्याला न्यायला येतो, तू सुटलीस. पण तो आता फक्त ते पिवळं खाणंच खाणार ना? मग ते इथे टिकायला हवं. कुडाळच्या गाडीला एक पिशवी घाल. बॉबिन यायच्या आधी मी ठेवून बघतो. ह्या वेळी मी न बघता काही सांगणार नाही.

तुझा,
दादा

·

अंधेरी
१३ सप्टेंबर १९८७

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. तुझं पत्र वाचून मी रडले. हे विचारत होते काय झालं, तर मी कांदा चिरत असल्याचं सांगितलं. कांदा हातात नव्हताच.

तू सेकंड नाहीस. तुझ्या एका पगारावर आम्ही तिघी बहिणी शिकलो, लग्न होऊन गेलो. त्या साहेबाला काय कळतं?

पिशवी कालच्या गाडीला घातली आहे, ड्रायव्हर तुझं नाव विचारत येईल. तारीख गेल्याच महिन्याची आहे, मी शकुकडून मागून घेतली. वजन करून दोन वेळा घालायचं, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. पाणी वेगळ्या भांड्यात. सातला पाच मिनिटं कमी असली की तो भांडं तोंडात धरून माझ्यासमोर येतो. मी सिरियल बघत असले तर भांडं माझ्या पायावर टाकतो.

मी सुटले असं तू लिहिलंस. होय, सुटेन. मीराला अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
सुलक्षणा

·

तळेवाडी
३ ऑक्टोबर १९८७

चि. सुलक्षणास,

आशीर्वाद. गडगा पुरा झाला. वरून बाभळीच्या फांद्या लावल्या, वाघराचा बाप आला तरी आत येणार नाही.

पण पिशवीचं काम काही जमलं नाही. उघडून चुलीपासून लांब, फळीवर ठेवली. तोंड दोऱ्याने बांधलं. पाऊस अजून जायचा आहे, घरात सगळ्याला ओल धरते, मीठसुद्धा पाझरतं. नवव्या दिवशी हात घातला, दाणे दमट लागले. एक फोडला. बुरशी नव्हती, पण वास बदलला होता. रुक्मिणी म्हणाली, वाळवून बघा. मी म्हटलं नाही, एकदा झालं तेवढं पुरे. परसात खड्डा करून पुरलं.

म्हणजे इथे हे खाणं टिकत नाही. आणि दर आठ दिवसांनी मुंबईहून पिशवी मागवणं काही होणार नाही. त्याला परत भात-तिखल्यावर आणायची माझी हिंमत नाही. तेव्हा बॉबिन तुझ्याकडेच राहू दे, असं मी ठरवतो आहे. तुझ्यावर ओझं टाकतोय, कळतं मला. पण दुसरा मार्ग असला तर तूच सांग, ह्यातलं तुला जास्त कळतं.

गडगा बांधताना मी कोपऱ्यात त्याच्यासाठी एक ओटा केला होता, सावलीचा. असू दे. कोंबड्या बसतील.

तुझा,
दादा

·

अंधेरी
११ ऑक्टोबर १९८७

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. पहिल्या दिवशी मी मीराला वाचून दाखवलं आणि ती बॉबिनला घेऊन चाळभर नाचली. यांनी त्याला नवीन पट्टा आणला. मी भांडी घासत राहिले. हे म्हणाले, तुला आनंद नाही झाला? झाला होता रे. एवढा झाला होता की मला त्याची भीती वाटली.

कारण तू विचारलंस, दुसरा मार्ग आहे का. आहे.

पिशवी उघडली की ती तशी ठेवायचीच नसते. मी इथे पत्र्याच्या डब्यात ठेवते, घट्ट झाकणाच्या. पिशवीसकट आत घालायची, तोंड दुमडायचं, झाकण दाबून बसवायचं, कोरड्या हाताने काढायचं. भर पावसात माझ्या गॅलरीत दीड महिना राहिलं, कुरकुरीत. तुझ्याकडेही राहील. पिशवी पाठवली तेव्हा हे लिहायला मी विसरले. खरंच विसरले, असं मी स्वतःला सांगते आहे. पण नक्की सांगता येत नाही. तेव्हा मला तो जायला नको होता, एवढं खरं.

हे तुला कळवलं नसतं तर तुला कधीच कळलं नसतं. मीरा म्हणाली, मम्मी, नको ना लिहू. पण एकदा गप्प बसून बघितलंय मी.

पत्रेवाल्याकडून तेलाचा मोठा डबा घासून, झाकण बसवून घेतला आहे. आजच्या रात्रीच्या गाडीला घालते. महिन्याचं खाणं त्यात आरामात बसतं. पावसाळा सरला की तिथे काहीच त्रास नाही. तू त्याला मुठीएवढा होता तेव्हापासून वाढवलास. ओटा केलास. कुत्रा तुझा आहे. न्यायला ये, मी त्याचं सगळं बांधून ठेवते. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण तो तुझ्याकडे बरा राहील ह्याची आता मला खात्री आहे.

आता तूच ठरव.

तुझी,
सुलक्षणा

·

तळेवाडी
२८ ऑक्टोबर १९८७

चि. सुलक्षणास,

अनेक आशीर्वाद. दिवाळी चांगली झाली. आईने दोन करंज्या जास्त खाल्ल्या आणि रुक्मिणीला बोल लावला.

डबा पोचला. झकास आहे. झाकण असं बसतं की उघडायला मला पायात धरावा लागतो. तू सांगितलंस ते सगळं बरोबर आहे, ह्यात खाणं वर्षभरसुद्धा टिकेल. तुझं पत्र मी रुक्मिणीला वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच तिच्या हातात दिलं, पुढचं तिने वाचलं.

मग रुक्मिणी उठली आणि ह्या वर्षीची आमसुलं त्यात भरायला लागली. ती भरत गेली, मीही मग दोन मुठी टाकल्या. गळ्यापर्यंत भरला. आमसुलं आमच्याकडे दोन-तीन वर्षं पुरतात, घाईने संपवता येत नाहीत.

तेव्हा बॉबिनचं खाणं ठेवायला आता माझ्याकडे डबा नाही. आणि तू दुसरा पाठवू नकोस.

तुझा,
दादा